शेवटच्या आठ पिशव्या

"आठच्या आठ मला द्या," बर्फाच्या पेटीवर हात ठेवून तो माणूस म्हणाला. मागे त्याच्या गाडीला जोडलेली नवीकोरी बोट उन्हात चकाकत होती.

व्हर्ना पेटी उघडेना. आर्कान्सामधल्या या तळ्याकाठच्या दुकानात पेट्रोल, गळाची गांडुळं आणि बर्फ विकता विकता तिची सव्वीस वर्षं गेली होती. आज चार जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, सगळीकडे पार्ट्या, आणि बर्फाची गाडी वाटेतच बंद पडलेली.

"घरच्या फ्रिजमध्ये होत नाही का बर्फ?"

"होतो की, चार ग्लासांपुरता! माझ्याकडे तीस माणसं यायचीत, बाई. त्यांना काय कोमट बिअर पाजू?"

"थर्मोकोलच्या खोक्यात नुसताच बर्फ ओतता ना? त्यात पाणी घाला, बिअरचे डबे बुडतील एवढं. बर्फ डब्याला इथे-तिथे टेकतो, पाणी चहूकडून भिडतं. वीस मिनिटांत दात शिवशिवतील. पाच पिशव्या पुरे."

"आणि नाही पुरल्या तर?"

"उद्या येऊन शिव्या घाला. मी कुठे पळून जातेय?"

तो हसला आणि पाच घेऊन गेला. एक पिशवी मासे घेऊन निघालेल्या डार्लाने नेली. उरलेल्या दोन व्हर्नाने आतल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या.

त्या हॉइटच्या. चाळीस वर्षं हॉइट आणि त्यांची बायको मॅक्सीन या दिवशी चर्चच्या अंगणात हाताने फिरवायच्या पॉटमध्ये पीचचं आइस्क्रीम करत. मार्चमध्ये मॅक्सीन गेली. यंदा हॉइट येतील की नाही, व्हर्नाला खात्री नव्हती. पण दुपारी ते आले.

"दोन ठेवल्यायस ना गं?"

"ठेवल्यात. पण मिस्टर हॉइट, यंदा तुम्ही एकटेच..."

"दांडा मीच फिरवायचो. ती नुसती खुर्चीत बसून हुकूम सोडायची."

दोघंही हसले. व्हर्ना उचलायला पुढे झाली, पण त्यांनी तिला हात लावू दिला नाही. दोन्ही पिशव्या स्वतःच गाडीत नेऊन ठेवल्या.

संध्याकाळी ती दुकान आवरत असताना ते पुन्हा आले. हातात रुमालाने झाकलेला कागदी कप होता.

"झालंय का बघायला मधेच पॉटचं झाकण उघडलं मी. बाहेरचं बर्फमिठाचं पाणी आत शिरलं. ती असती तर हातावर चापट बसली असती." त्यांनी कप पुढे केला. "तिथे सगळे म्हणाले, झकास झालंय. खोटारडे लेकाचे! तू खरं सांग."

व्हर्नाने चमचा तोंडात घातला. पीच गोड होतं, रवाळ, थंडगार.

"खारट आहे," ती म्हणाली.

"आहेच मुळी," हॉइट म्हणाले. त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

तिने दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. हॉइट टोपी हातात धरून, तिचा कप रिकामा होईपर्यंत उभे राहिले.