गार्डाचा निरोप

"चाचा, आज गार्डने काय सांगितलं?"

पोपटी फाटकाच्या खालच्या दांडीवर पाय देऊन उभी होती. मुंबईहून आलेली दुपारची पॅसेंजर नुकतीच पुण्याच्या अंगाला गेली होती आणि चिमाजी हातातला हिरवा बावटा गुंडाळत होता. फाटकाच्या दोन्ही बाजूंना भोसरीच्या बैलगाड्या आणि नव्या औषध कारखान्याच्या बांधकामावर वाळू नेणाऱ्या लॉऱ्या खोळंबल्या होत्या, आणि सगळे मिळून चिमाजीच्या नावाने बोटं मोडत होते.

"हिरवा दावला न्हवं त्यानं?" चिमाजी म्हणाला. "हिरवा म्हंजी तुजा बाप ह्या गाडीत न्हाई. जा आता घरी."

पोरगी मुकाट्याने उतरली आणि कॅम्पाच्या वाटेला लागली. संध्याकाळच्या गाडीला ती पुन्हा येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

चिमाजी मूळचा निघोज्याचा. अंगावर रेल्वेचा निळा डगला चढला तेव्हा मिसरूड फुटायचं होतं, आता मिशा पांढऱ्या झाल्या तरी तो याच फाटकावर होता. स्वभावाने तापट. 'बस, चहा घे' असं जरी म्हणाला तरी समोरच्याला वाटावं आपण काहीतरी चोरलंय. त्याची बायको सोजराबाई मात्र त्याच्या ओरडण्याकडे चुलीच्या धुरासारखं बघायची, म्हणजे डोळे किलकिले करून आपलं काम चालू ठेवायची. दोघं फाटकाजवळच्या खोलीत राहत.

सिंधमधून आलेल्यांचा कॅम्प पलीकडेच पडला होता. पोपटी चार वर्षांची असताना आई पार्पती आणि आजोबा लीलाराम यांच्यासोबत कराचीहून आगबोटीने आली. बाप दुकान विकायला मागे राहिला. पुढच्या बोटीने येतो म्हणाला. त्याला पाच वर्षं झाली. कधीतरी रडणाऱ्या पोरीची समजूत काढायला पार्पती म्हणून गेली, की बाबा मुंबईला उतरतील आणि तिथून गाडीने येतील. पोरीने ते धरून ठेवलं.

तेव्हापासून तिचा पाय घरात ठरेना. शाळेत बसवलं तर खिडकीतून पळे. नखं कुरतडून बोटं लाल झालेली. गाडी आली की फाटकाखालून आत घुसायची आणि रुळांच्या कडेने खिडक्या बघत धावायची. चिमाजीने शिव्या घातल्या, काठी दाखवली, उपयोग शून्य. शेवटी त्याने एक शक्कल काढली. गाडी जाताना शेवटच्या डब्यातला गार्ड फाटकवाल्याला हिरवा बावटा दाखवतो, सगळं ठीक आहे म्हणून. चिमाजीने तिला सांगितलं, की हा तुझ्यासाठी निरोप आहे. हिरवा म्हणजे तुझा बाप गाडीत नाही. असला तर गार्ड लाल दाखवील आणि गाडी इथे थांबेल. तू फक्त फाटकाबाहेर उभी राहा.

लबाडी होती, पण सोयीची होती. पोरगी फाटकाबाहेर राहू लागली. आपल्याला बरं सुचलं म्हणून चिमाजी स्वतःवर खूशही झाला. लाल बावटा रोज थोडाच निघतो?

तो निघाला पावसाळ्याआधीच्या एका दुपारी. पॅसेंजरच्या एका डब्याखालून धूर येत होता. गाडीचा वेग मंदावला, शेवटचा डबा फाटकासमोरून हळूहळू सरकला, आणि दारात उभा असलेला गार्ड लाल बावटा हलवत होता. गाडी करकरत थांबली.

चिमाजी धुराकडे बघत राहिला. पोपटीने धूर पाहिलाच नाही.

"आयो! बाबा आयो!"

ती फाटकाखालून गेली. गाडीच्या कडेने, दुसऱ्या रुळांमधून, एकेका खिडकीला हात लावत धावत सुटली. त्या दुसऱ्या रुळांवर पुण्याहून गाडी येत होती. चिमाजीला ती गाडी दिसली. इतक्या वर्षांत तो कधी धावला नव्हता. तो धावला. पोरीची वेणी हाताला लागली तेवढी त्याने ओढली, आणि दोघं खडीवर कोसळली. बाजूने गाडी धडधडत निघून गेली.

पोपटीने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. "सोड! बाबा उतरतोय!"

कुणीही उतरत नव्हतं. गार्ड आणि दोन माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन डब्याखाली वाकली होती.

जागेवर बदली माणूस येताच चिमाजीने तिला खांद्यावर टाकलं आणि कॅम्पातल्या त्यांच्या बराकीत नेलं. मागोमाग सोजराबाई हळदीची वाटी घेऊन आली. गोणपाटाच्या आडभिंतीमागे पार्पती पापड लाटत होती. लेकीचे फुटलेले गुडघे पाहून तिच्या हातातलं लाटणं गळून पडलं. चिमाजीने बावट्याची लबाडी काही न लपवता सांगितली. सांगता सांगता नेहमीप्रमाणे त्याच्या भीतीचा राग झाला. तो लीलारामांकडे वळला.

"आजोबा, येक डाव सांगून टाका. त्यो मानूस येनार हाय का न्हाई?"

म्हातारा भिंतीकडे बघत राहिला. "मालूम होता तो बताते ना, भाई," तो म्हणाला.

मग पार्पती बोलली, अडखळत, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. मागून तिकडून आलेला एक माणूस म्हणाला होता दुकान जळलं. दुसरा म्हणाला त्याला नंतर बाजारात पाहिलं. त्यानंतर खबर नाही. मेला म्हणून बारावं घालावं तर हात धजत नाही, जिवंत म्हणून बोलावं तर तोंड धजत नाही. तेव्हा घरात त्याचं नावच काढायचं नाही असं ठरलं. नाव काढलं नाही तर पोर विसरेल, असं वाटलं होतं.

सोजराबाई पोरीच्या गुडघ्याला हळद लावत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, तुमी दोगांनी वाट बघायची सोडली आन् समदी ह्या लेकराच्या डोक्यावर दिली. येवढ्याशा जिवाला किती पेलल?"

चिमाजी पोपटीसमोर उकिडवा बसला. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"गार्ड मला कायबी सांगत न्हाई," तो म्हणाला. "म्या खोटं बोललो."

पोपटीने आईकडे पाहिलं. पार्पतीने तिला ओढून मांडीवर घेतलं. "मूंखे बि ख़बर नाहे," ती म्हणाली. मलाही ठाऊक नाही. पाच वर्षांत हे ती लेकीला पहिल्यांदा सांगत होती, आणि सांगता सांगता ती रडू लागली. एरवी कुणी रडू लागलं की उठून बाहेर जाणारा म्हातारा आज बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीला मायलेकी दोघी आल्या. त्यांनी आपसांत ठरवलं होतं, दिवसाची एकच गाडी, ती दोघींनी मिळून बघायची आणि मग घरी जायचं. कधी लीलारामही येत. गाडी येईपर्यंत पोपटी विचारी आणि आई सांगे: बाबाला ताकात मीठ फार लागायचं, जिना उतरताना तो गुणगुणायचा, तू रडलीस की गल्लीभर फिरवायचा. काही गोष्टी सांगताना दोघी हसतही. चिमाजीला भाषा कळत नसे, तरी तो फाटकाची साखळी लावता लावता कान देऊन असे.

पोरीची नखं वाढू लागली. ती शाळेत टिकली. दिवाळीच्या सुट्टीत एके दुपारी ती सोजराबाईच्या दारात सागरगोटे खेळत होती आणि गाडी आली. सागरगोटा वर उडालेला होता. तो झेलण्याच्या नादात पोपटीने मान वळवलीच नाही. गाडी निघून गेली. चिमाजीला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावं म्हणून त्याने पार्पतीकडे पाहिलं.

तिनेही ते पाहिलं होतं. ती हसली, लेकीकडे बघून, मनापासून. मग पुन्हा रुळांकडे वळली, आणि तिचा चेहरा पाहून चिमाजीने नजर बाजूला घेतली.

पुढे पोपटी यायची थांबली. पार्पती येत राहिली, एकटी, दुपारच्या गाडीला. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ती खिडक्या बघे.

गाडी गेली तरी आता चिमाजी लगेच फाटक उघडत नसे. लॉरीवाले भोंगे वाजवत, गाडीवान आरडाओरडा करत.

"कडी अडकलीया," तो त्यांच्यावर खेकसे. "जरा दम धरा."

आणि सुटी कडी हातात धरून तो उभा राही. पलीकडे पार्पती रस्त्याकडे पाठ करून ओढणीने डोळे पुसत असे. पुसून झाले, ओढणी डोक्यावर सारखी झाली आणि ती कॅम्पाच्या वाटेला लागली, की मग तो फाटक उघडत असे.