नागेशचा ईसीजी

चहाचा कप हातात तसाच धरून डॉक्टर विलास मीटिंग रूमच्या अर्धवट उघड्या दाराशी थांबले. आत डॉक्टर इल्झे लॅपटॉपसमोर ताठ बसून लात्वियन भाषेत बोलत होती. तिच्या देशातल्या डॉक्टरांचं राष्ट्रीय संमेलन रीगाला भरलं होतं, आणि जगभर पांगलेले त्यांचे डॉक्टर जिथे असतील तिथून त्यात बोलत होते. हिला सुट्टी मिळाली नाही, म्हणून ही दुबईच्या क्लिनिकमधूनच.

बोलेना का बापडी. पण भिंतीवरच्या पडद्यावर नागेशचा ईसीजी होता.

नाव झाकलेलं होतं, तरी विलासनी तो झोपेतसुद्धा ओळखला असता. नागेश मूळचा चिपळूणचा, अल क्वोजच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी नऊला छाती चोळत आला आणि म्हणाला, "डॉक्टर, पित्त उसळलंय." आपला माणूस, आपली भाषा. विलासना तत्काळ उमगलं. गोळी लिहून दिली, वडापाव कमी कर म्हणून थट्टा केली आणि पाठवून दिलं. दुपारी तो पुन्हा आला तेव्हा ड्यूटीवर इल्झे होती. तिला त्याचा एक शब्द कळेना, म्हणून तिने सरळ ईसीजी काढला. हार्ट अटॅक. पोरगा वाचला तो तिच्यामुळे. सकाळचं कुणी विचारलं नाही, आणि विलासनी कशाला सांगावं? पुढच्या महिन्यात काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. त्यावर व्हिसा, आणि व्हिसावर लेकीचं, ईराचं, बारावीचं वर्ष.

इल्झेने पडद्याकडे बोट केलं. 'कोलेगी' असं काहीतरी म्हणाली. कलीग म्हणजे मीच, दुसरं कोण! लॅपटॉपवरच्या चौकोनांतले चेहरे गंभीर झाले. एका म्हाताऱ्याने डोकं धरलं. म्हणजे बाई आपली धिंड काढतेय, तीही अख्ख्या देशासमोर. आपली खुर्ची हिला हवीच असणार. उगाच का दोनदा विचारलं, तुमचं काँट्रॅक्ट कधी संपतं म्हणून?

त्यांनी फोन काढला आणि क्लिनिकच्या मालकीणबाईंना, फिरदोस मॅडमना मेसेज केला. 'डॉ. इल्झे पेशंटचे रिपोर्ट बाहेर दाखवत आहेत. फाइल तपासावी.' पाठवल्यावर जिवाला जरा बरं वाटलं.

आत टाळ्या वाजल्या. इल्झे लॅपटॉप मिटून बाहेर आली. तिचे डोळे लाल होते.

"तुम्ही ऐकलंत?" तिने इंग्रजीत विचारलं.

"भाषा कुठे येते मला? ईसीजी दिसला फक्त."

"नागेशला विचारलं होतं. मॅडमनाही. तुम्हाला सांगायची मात्र लाज वाटली."

"लाज कसली?"

"आईबद्दल बोलायचं होतं. दोन वर्षांपूर्वी ती फोनवर म्हणाली, छातीत जड वाटतंय, दमले असेन. ती कधी कशी बोलते हे मला पाठ होतं. झोप जरा, म्हटलं मी." इल्झेने नाक पुसलं. "ती उठलीच नाही. नागेशचं मला काही कळलं नाही, म्हणून तो वाचला. एवढंच सांगितलं तिथल्या सगळ्या कलीग्सना."

विलासनी हातातला गार झालेला चहा शेजारच्या टेबलावर ठेवला.

"तुमची सकाळची चिठ्ठी त्याच्या खिशात होती," ती हळूच म्हणाली. "मी कुणाला दाखवली नाही. तुमचं काँट्रॅक्ट होऊ दे, मग तुमच्याशी बोलणार होते."

विलासांचा फोन वाजला. फिरदोस मॅडम.

"डॉक्टरसाब, परमिशन तो मैंने ही दी थी. लेकिन आपने बोला, तो फाइल खोली. ये लड़का सुबह नौ बजे आपके पास आया था क्या?"

पेशंटने नीट सांगितलंच नाही, हे वाक्य जिभेवर अगदी तयार होतं. इल्झेला हिंदीचा गंध नव्हता. ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"जी मॅडम, आया था," विलास म्हणाले. "मैंने चेक ही नहीं किया उसको."

मग घसा साफ करून तेच त्यांनी पुन्हा इंग्रजीत सांगितलं, इल्झेलाही कळावं म्हणून.