खिंडीत दोन सैन्यं

नियम १. खेळाडू दोन. प्रत्येकाला बारा सैनिक, एक विहीर आणि डोंगराच्या आपल्या बाजूची रानं मिळतात.

हे वाक्य मी अकरा वेळा लिहिलंय. खेळ दादाचा. नकाशा त्याचा, राक्षस त्याचे, डोंगरात झोपलेला अजगरही त्याचाच. नियमांची पुस्तिका तेवढी माझी. तो हरला की नियम बदलतो आणि मी पुन्हा लिहायला बसते.

नियम ४. अन्नाशिवाय सैन्य हलत नाही.

परवापर्यंत हलत होतं. परवा दादा माझ्याकडून हरला.

आज चाचणी. असे खेळ बाजारात आणणाऱ्या प्रकाशन कंपनीतली माडीवरची खोली, मध्ये टेबल. अनोळखी माणसं पेटी उघडणार आणि नुसती पुस्तिका वाचून खेळणार. आम्ही भिंतीपाशी बसायचं, चकार शब्द काढायचा नाही. बोललो तर चाचणी तिथेच बंद, पुढची संधी वर्षाने.

"जे कागदावर नाही, ते खेळात नाही," संपादकबाई म्हणाल्या. दादाने मान डोलावली. जन्मात कधी गप्प न बसलेल्या माणसाने.

खेळायला मायलेकी होत्या. आई कपडे शिवणारी, लेक दातांच्या दवाखान्यात कामाला. आई एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होती, माप चुकलं तर कापड वाया जाईल अशा बेताने.

नियम ६. खाण ज्याच्या ताब्यात, त्याला दर फेरीला एक लोखंड.

खाण संपली तर काय, असं आईने विचारलं. पुढे असेल, वाच तरी, लेक म्हणाली. पुढे होतं. मी श्वास सोडला. दादाचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता.

अर्धा तास सगळं सुरळीत. लेकीने अजगर उठवला. तरी आईने लेकीची तीन रानं गिळली आणि वर म्हणाली, घरात डबे लपवतेस तशी खाण लपवलीस होय गं?

नियम ९. खिंडीत एकाच सैन्याला राहता येतं. ज्याचे सैनिक जास्त, खिंड त्याची.

आईचे चार. लेकीचे चार.

आईने पान उलटलं. परत मागे आली. पुस्तिका उपडी धरून झटकली.

"सारखे असले तर काय करायचं, ते कुठाय?"

कुठेच नव्हतं. अकरा मसुदे, आणि कुठेच नव्हतं. का नव्हतं, तेही मला तिथेच कळलं. आमच्या घरी हा प्रश्न कधी आलाच नाही. चार-चार झाले की दादा माझ्याकडे बघायचा आणि मी माझे सैनिक उचलायचे. लहानपणापासून असंच. खिडकीजवळच्या खुर्चीचंही तेच. ते मला कधी नियम वाटलंच नाही, मग लिहिणार काय?

मी दादाची बाही धरली. उशीर झाला होता.

"धाकट्याने मागे जायचं. साधी गोष्ट आहे."

लेकीने मान वर केली. "का म्हणून?"

"अहो, मी आई आहे हिची," आई म्हणाली. "म्हणजे हिने जन्मभर मागेच जायचं?"

दादा समजावायला पुढे झाला. संपादकबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि शांतपणे सांगितलं, या आता पुढच्या वर्षी.

जिन्यात दादा म्हणाला, तू लिहायला हवं होतंस. खरंच होतं ते, म्हणून जास्तच डोकं फिरलं. मी पायरीवर बसले, मांडीवर पुस्तिका ठेवली आणि नववा नियम पुरा केला.

सैनिक सारखे असतील तर खिंड कुणाचीच नाही. दोघांनी तिथेच थांबायचं.

त्याने खांद्यावरून वाचलं. "अशाने खेळ अडकेल."

"अडकू दे. वर्ष आहे आपल्याकडे."

त्याने पेन मागितलं. मी दिलं नाही.