तातडीचा संपर्क : एनए

वाळूजच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये रुजू होऊन मला अकरा दिवस झाले होते. कायमचा गेटपास आज झाला नाही, तर उद्यापासून शिफ्टच्या बसमध्ये घेणार नव्हते. टाइम ऑफिसातल्या कडुबांनी माझा फॉर्म परत केला. 'तातडीचा स्थानिक संपर्क' या रकान्यात मी 'एनए' लिहिलं होतं.

"मॅडम, एनए प्लॉट घेतला काय? कुठं, खुलताबाद रोडला?"

शेजारचे दोघं हसले.

लॅबमध्ये रकाना मोकळा ठेवत नाहीत, तिथं एनए लिहून सही करतात. हात त्याच सवयीनं चालला होता.

"आईबाबांचा नंबर वर दिलाय. किनवटचा."

"ते किनवटहून येईस्तोवर तुम्हाला दवाखान्यात कोण बघणार? इथलं माणूस पायजे. एक तरी असंल की! दुपारच्या आत द्या."

मी जागेवर येऊन बसले. एमएस्सी होईपर्यंत एनए म्हणजे फक्त सोडियम होतं. अहवालात मात्र त्याचे दोन अर्थ निघतात, 'लागू नाही' आणि 'उपलब्ध नाही'. चाचणी गरजेचीच नसणं वेगळं, चाचणी हवी असून आकडा नसणं वेगळं. मी कुठल्या अर्थानं लिहिलं होतं, ते मला ठाऊक होतं.

फोनमध्ये इथले चारच नंबर होते : रूम एजंट, गॅस, झेरॉक्स, औरंगपुऱ्यातली मेस. एजंटनं फोन उचलला नाही. मेसच्या भागूबाईंनी उचलला.

"मावशी, मी अपेक्षा."

"कोण अपेक्षा?"

"दोन पोळ्या, भात नको."

"हां, मंग तसं सांग की!"

मी कारण सांगितलं. पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"म्हंजी तुला काही झालं तर मला फोन येणार?"

"हो. पण होणार नाही काही."

"ते तू नको सांगू. लिही माझा नंबर. पण मी वळखू कशी तुला? डबा तर रिक्षानं जातो. दिसती कशी तू?"



"चष्मा आहे. उंची एकशे चोपन्न सेंटिमीटर."

"लई झालं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी 'एनए'वर एकच आडवी रेघ मारली. खोडलेलं खालून वाचता आलं पाहिजे, असा लॅबचा नियम आहे. बाजूला सही, तारीख आणि भागूबाईंचं नाव लिहिलं.

पुढचा रकाना 'नाते' असा होता. तिथं मी 'डबा' लिहिलं.