छतावरची दोन मुलं

शकुनने दार उघडलं, तरी श्यामकांतकाका उंबऱ्याबाहेरच थांबले. मागे त्यांची पुतणी चैत्राली उभी होती.

"आत या ना, साहेब," शकुन हिंदीत म्हणाली.

गोदीजवळच्या खिदिरपूर वस्तीतल्या या दोन खोल्यांत ती सासऱ्यांबरोबर राहायची. तिचा नवरा विवेक सीमेवर मारला गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. काका दर दुर्गापूजेला इथे येतात, हे चैत्रालीला आज दुपारपर्यंत ठाऊकही नव्हतं.

दुपारी ती शिकवते त्या लॉ कॉलेजात काकांचं व्याख्यान झालं. सैन्यात ते कायदा सल्लागार होते. एकदा सैन्याला हवा असलेला एक अतिरेकी एका घरात शिरला होता, वर सशस्त्र ड्रोन घिरट्या घालत होतं आणि कमांडरने काकांचं मत विचारलं. पडद्यावर त्या घराच्या छतावर मुलं खेळताना दिसत होती. एका माणसासाठी निरपराध मुलांचे जीव घेणं कायद्यात बसत नाही, असं काकांनी स्पष्ट सांगितलं. हल्ला थांबला. काकांची बढतीही तिथेच थांबली. चैत्राली ही हकीकत वर्गात दरवर्षी अभिमानाने सांगायची.

आज एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, त्या माणसाचं पुढे काय झालं?"

"तो निसटला. महिन्याभराने त्याने आमच्या गस्तीवर हल्ला केला. एक जवान गेला."

चैत्रालीने हे कधीच ऐकलं नव्हतं. बाहेर आल्यावर काका एवढंच म्हणाले, "आज भरसभेत बोललो. त्या जवानाच्या बायकोच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जायला नको. येतेस?"

आता खाटेच्या कडेला बसून त्यांनी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, की मऊ केला नाही. शकुन भिंतीला टेकून ऐकत होती. चैत्रालीची नजर जमिनीवरून हलेना.

"म्हणजे तेव्हा तुम्ही हो म्हणाला असतात, तर..."

"तर विवेक बहुतेक आज असता."

"आणि तुम्ही माफी मागायला आलात?"

"नाही. पुन्हा विचारलं, तर पुन्हा नाहीच म्हणेन. ते तुला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. यापुढे मी इथे यायचं की नाही, ते तू ठरव."

शकुन उठून खिडकीशी गेली. गोदीतून एका जहाजाचा भोंगा वाजला, थांबला. काका गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उभे राहिले.

"मुलं किती होती?" तिने न वळता विचारलं.

"दोन."

शकुनने पदराने डोळे पुसले.

"मोठी झाली असतील आता," ती म्हणाली. "बसा. चहा टाकते."