मेहुण्याला सोन्याचं पाणी

काकांनी सिरिंजमधलं पिवळसर द्रावण थेंबाथेंबानं क्षाराच्या पाण्यात सोडलं आणि काचेच्या कांडीनं ढवळलं. पाणी क्षणभर लालसर झालं, मग पुन्हा नितळ. त्या थेंबांत खरं सोनं होतं. फोटोवर चढलं की तो वर्षानुवर्षं विटत नसे.

"माझ्या बांगड्यांना कधी असं पाणी दिलं नाहीत," काकू म्हणाल्या.

"बांगड्या कुठे विटल्यात? तुझा भाऊ विटायला लागलाय."

फोटो काकूंच्या धाकट्या भावाचा होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. निगेटिव्ह केव्हाच खराब झाली होती आणि उरलेल्या या एकुलत्या प्रतीच्या कडा फिकट पडत चालल्या होत्या.

काकांनी द्रावण स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या ट्रेमध्ये ओतलं. स्टुडिओ बंद झाला तरी गल्लीसाठी ते अजून स्टुडिओवाले काकाच होते. या पाण्यात फोटोची तपकिरी झाक हळूहळू जाते, काळा रंग गार होतो, आणि नेमका तिथेच फोटो उचलायचा असतो. त्यापुढे निळा पडला की माघारी आणता येत नाही. ती घडी काकांनी जन्मभर नुसत्या डोळ्यांनी ओळखली होती. आज मात्र त्यांनी गजराचं घड्याळ आणून शेजारी ठेवलं.

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, स्टूल ओढलं आणि वाटाणे सोलायला घेतले.

"तू कशाला इथे? वास येईल."

"उजेड इथेच आहे."

फोटो ट्रेमध्ये उतरला. काका ट्रे हलवत राहिले. वाकून नाक पाण्याला लागेपर्यंत बघत, सरळ होत, घड्याळ बघत, पुन्हा वाकत. गेले काही महिने पांढरा कागदही त्यांना चहा सांडल्यासारखा दिसत होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

वाटाणे सोलणं थांबलं.

"काढा आता."

"अजून वेळ आहे. घड्याळ बघ."

"घड्याळाला काय कळतंय? काढा."

"आणि तुला कळतंय? कधी ट्रेला हात तरी लावलायस?"

"फोटोतलं नाही कळत मला. माझा भाऊ कळतो. सावळा होता तो, निळा नव्हता."

काकांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी चिमटा काकूंपुढे धरला. काकूंनी कोपऱ्याला धरून फोटो उचलला आणि साध्या पाण्यात सोडला. काका स्टुलावर बसले.

"लेकीला गेल्या खेपेला असंच पाणी देऊन फोटो पाठवले, ते कसे उतरले होते?"

"भिंतीवर लावलेत तिनं."

"ते नाही विचारलं."

काकूंनी नळ बारीक केला. "थंडीनं काकडल्यासारखे निळे दिसतो आपण सगळे. जावई म्हणाले, छान आहेत."

"आणि ती?"

"ती म्हणाली, बाबांना कुणी काही सांगायचं नाही."



"मग आज का सांगितलंस?"

"आज भाऊ होता."

काकांनी मान हलवली. ओल्या बोटांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आता कसा दिसतोय तो?"

काकूंनी फोटो खिडकीकडे धरला आणि केसांपासून सांगायला सुरुवात केली. काका डोळे मिटून ऐकत राहिले.