आधी स्पेलिंग, मग पाणी

मानवतच्या शिवप्रसादच्या घरात साडेचार वर्षांच्या राजनंदिनीला तहान लागली, तर आधी पाण्याचं इंग्रजी स्पेलिंग सांगावं लागे. कल्पना शाळेतल्या मॅडमची, अंमल बापाचा. बाप कारकून. नियमाला अपवाद असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

दूध, केळं, भात पोरीला पाठ झाले. भाकरी राहिली; मॅडमच्या पुस्तकात तिचं चित्रच नव्हतं. आजीनं, धुरपदाबाईनं, एकदा चुलीपुढं चोरून घास भरवला. शिवप्रसादनं तो थुंकायला लावला.

"आरं, भुकेला काय एबीसीडी कळायलीय?"

"आई, तू मधी पडू नको. आमाला कुणी शिकवलं न्हाई, म्हणून आमी खर्डेघाशी करायलोय."

पाहुण्यांना हा कार्यक्रम फार आवडे. ऑफिसातला सूर्यभान तर "लय हुशार हाय पोरगी!" म्हणत चहा पिऊन गेला आणि घरी जाऊन त्यानं आपल्या जुळ्यांचं स्पेलिंगशिवाय पाणी बंद केलं.

रविवारी दुपारी तो सहकुटुंब पुन्हा आला. राजनंदिनी मागच्या सरपणापाशी खेळत होती; ती येऊन दारात उभी राहिली. अंग घामानं भिजलेलं, ओठ थरथरत होते.

"काय झालं, माय?" आजीनं विचारलं.

पोरीनं बापाकडं पाहिलं.

"इंग्लिशमधी सांग बेटा. काकाला ऐकू दे."

तिनं बोट पुढं केलं.

"खुणा नको. स्पेलिंग!"

"मला वाटतं, बिस्कीट पाहिजे तिला," सूर्यभान म्हणाला. सगळे हसले. पोरीनं मान हलवली. कोडं चांगलंच रंगलं. मग ती भडाभडा ओकली, आणि धुरपदाबाईला ते टम्म सुजलेलं बोट दिसलं.

"आरं, इच्चू चावलाय रे पोरीला!"

परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं, "इतका उशीर का केला?" शिवप्रसादनं नुसतं पोरीचं बोट पुढं केलं.

तिसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले. डॉक्टरांनी घोटभर पाणी द्यायला सांगितलं. धुरपदाबाईनं पेला ओठाला लावला. ओठ मिटलेलेच. नजर बापाकडं.

"पी, बेटा," शिवप्रसाद रडत म्हणाला. "काहीच इचारीत न्हाई मी."

पोरीचा विश्वास बसला नाही. सुकल्या जिभेनं तिनं पाचही अक्षरं एकेक करून म्हटली आणि मगच तोंड उघडलं.

धुरपदाबाईनं तिला पाजलं, तोंड पुसलं, पेला खाली ठेवला आणि पदर खोचला.

"शिवा, आदी मला सूर्यभानच्या घरी सोड. तिथं दोन लेकरं तहानलेली हायेत."